भोपाळचा वेढा आणि काही ‘जर-तर’

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे प्रत्येक इतिहास-शिक्षक पहिल्याच तासाला बजावतो आणि पुढे वर्षभर वर्गात दुसरे काही चालत नाही. अफजलखान प्रतापगडाखालून निसटला असता तर? संभाजीराजे संगमेश्वरी सापडले नसते तर? कोणी फारच ताणले म्हणजे मागच्या बाकावरून आवाज येतो : आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते! मग हशा होतो आणि तास संपतो. म्हण खोटी नाही. परंतु तिच्या आधाराने सर्वच प्रश्न निकालात काढावेत, हे आम्हांस मान्य नाही. जो ‘जर’ त्या काळच्या माणसांच्या हातात होता, ज्याची त्यांना स्वतःला रात्रंदिवस धास्ती होती, तो विचारात घ्यावा. बाकीचे खुशाल मिशांच्या सदरात टाकावेत. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि पुढचा सारा इतिहास पालटतो. कथेला एक गोळी पुरते. युद्धाचा हिशेब मात्र गोळीपाशी थांबत नाही. तो धान्याच्या पोत्यांपर्यंत जातो.

यंदाच्या वादविवाद-स्पर्धेत हा प्रश्न आमच्या शहरापर्यंत येऊन ठेपला. एका वक्त्याने टेबलावर मूठ आपटून सांगितले की, बाजीरावांनी भोपाळात निजामाला हाती आलेला सोडून दिला, ही पेशवाईची सर्वांत मोठी चूक होय. तेथेच त्याचा निकाल लागला असता तर हैदराबादचे राज्य १९४८ पर्यंत टिकलेच नसते. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजविल्या, हे कबूल केले पाहिजे. नंतर घरी जाताना तलावाच्या काठाने गेलो आणि टाळ्या जरा लवकर वाजविल्या असे वाटू लागले.

प्रसंग सर्वांस ठाऊक असला तरी थोडक्यात सांगतो. १७३७ च्या मार्चअखेर बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले. घाबरलेल्या बादशहाने, मुहम्मदशहाने, दख्खनेतून निजाम-उल-मुल्काला बोलावून घेतले आणि मराठ्यांना नर्मदेपार घालविण्याचे काम त्याच्यावर सोपविले. पावसाळा संपताच निजाम निघाला. दिल्ली सोडताना त्याच्याजवळ सुमारे ३०,००० फौज आणि उत्तम तोफखाना होता. वाटेत आणखी राजेरजवाडे मिळाले. काल्पी, बुंदेलखंड, सिरोंज असे करीत डिसेंबरात तो भोपाळास पोहोचला. तिकडून बाजीराव नर्मदा ओलांडून समोर आले. निजामाने मैदानात पुढे होण्याऐवजी तोफा मांडून गावाचा आणि तलावाचा आश्रय घेतला, आणि येथेच तो अडकला. उत्तरेकडून येणारी मदत मल्हारराव होळकर व यशवंतराव पवार यांनी अडविली. तीन-चार आठवड्यांत छावणीत उपासमार सुरू झाली. तोफांच्या आडोशाने, दिवसाला कोस-दीड कोस अशा गोगलगाईच्या चालीने निजामाने बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. अखेर जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला. हे दोराहा आज सिहोर जिल्ह्यात आहे. आमच्यापैकी कित्येकांनी त्या नावाची पाटी पाहिली असेल आणि पुढे गेले असतील. संपूर्ण माळवा, नर्मदा व चंबळ यांमधील प्रदेशाचा अंमल, आणि खर्चाबद्दल ५० लाख रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचा प्रयत्न, एवढे निजामाने लिहून दिले.

आता मुख्य प्रश्न. निजाम काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. नऊ-दहा वर्षांपूर्वी, १७२८ मध्ये, पालखेडला याच बाजीरावांनी त्याला पाण्यावाचून कोंडले होते. तो धडा तो विसरला असेल असे म्हणवत नाही. उलट तो धडा त्याला फारच पाठ झाला होता, असे आमचे मत आहे. पालखेडला पाणी नव्हते. म्हणून या खेपेस त्याने पाणी पाहून मुक्काम केला. राजा भोजाचा हा अफाट तलाव, काठावर दोस्त मोहम्मद खानाने बांधलेला फतेहगडचा किल्ला, आणि गावात त्याच खानाचा मुलगा यार मोहम्मद, ज्याला गादीवर बसविण्यात निजामाचाच हात होता. (छोटा तलाव तेव्हा नव्हता, तो १७९४ सालचा. हमीदिया रुग्णालयाच्या बाजूला जुन्या तटाचे जे अवशेष दिसतात ते या फतेहगडचे.) एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला तोफा, मध्ये आपण : निजामाने आपल्यापुरते एक बेटच तयार केले, असे म्हटले तरी चालेल.

पण बेटाची ताकद त्याच्या तटात नसते, ते ज्या पाण्यात उभे आहे त्या पाण्यावरून काय येऊ शकते यात असते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेट बांधायला काढले तेव्हा इंग्रजांनी गलबते आणून वेढा घातला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा मोठ्या. मराठ्यांच्या होड्या लहान. पण वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी डुलत राही आणि या होड्या वल्ही मारीत रात्रीच्या रात्री धान्य, दारूगोळा व माणसे बेटावर उतरवून परत जात. काही महिन्यांनी इंग्रज निघून गेले. जंजिऱ्याचेही तसेच. मराठ्यांनी त्याच्यासमोर पद्मदुर्ग उभा केला, संभाजीराजांनी खाडी बुजविण्याचा घाट घातला. परंतु सिद्दीच्या पाठीशी समुद्र मोकळा होता. जंजिरा अखेरपर्यंत मराठ्यांच्या हाती आला नाही.

दुसऱ्या महायुद्धातही हीच कथा मोठ्या अक्षरांत लिहिलेली दिसते. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाकडे ऑगस्ट १९४२ मध्ये १४ मालवाहू जहाजे निघाली, त्यांपैकी ५ पोहोचली, आणि तेवढ्यावर ते बेट तगले. उलट पॅसिफिक महासागरातील राबौल येथे जपानची सुमारे १ लाख फौज भक्कम तटबंदीत बसली होती. अमेरिकनांनी तिच्यावर चाल केलीच नाही. भोवतालची बेटे घेतली, जहाजे व विमाने तोडली आणि पुढे निघून गेले. ते एक लाख लोक युद्ध संपेपर्यंत भाजीपाला पिकवून पोट भरीत तेथेच राहिले.

आमच्या तलावाला तो समुद्राचा गुण नव्हता. तलावाने निजामाला प्यायला पाणी दिले, एका बाजूचा हल्ला थोपविला. पण पलीकडच्या काठावर कोणते मित्रराष्ट्र होते? तेथेही मराठ्यांचेच स्वार. तेव्हाच्या फौजेची रसद कशी चाले हे लक्षात घेतले म्हणजे हा कोंडमारा किती जलद झाला असेल ते कळते. सरकार शिपायाला धान्य वाटत नसे. त्याला रोख पगार मिळे आणि तो छावणीच्या बाजारातून दाणा घेई. त्या बाजाराला वंजाऱ्यांचे तांडे बैलांवरून माल पुरवीत. माणशी शेरभर धान्य धरले तरी ३०,००० माणसांना रोज ३०,००० शेर, म्हणजे ७५० मण लागणार. एका बैलाचे ओझे अडीच-तीन मण धरा : रोज अडीचशे ते तीनशे बैल छावणीत शिरले पाहिजेत. यात घोडे नाहीत, हत्ती नाहीत, बुणगे नाहीत. तांडे थांबले की चौथ्या-पाचव्या दिवशी भाव बोलू लागतो. बाजीरावांची पत्रे याच भावाची बातमी देतात. धान्य रुपयाला शेर झाले. तोफा ओढणारे बैल मारून खाण्याची पाळी आली. आणि बैल खाल्ले म्हणजे तोफा हलणार कशा? गोगलगाईच्या चालीचे कारण हे.

येथे पहिला खरा ‘जर’ येतो. निजामाचा मुलगा नासिरजंग दख्खनेत ताज्या फौजेनिशी होता. तो येता तर?

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्यातील बहुतेक कुटुंबे जळगाव, नाशिक, पुण्याकडे जातात. गाडी नर्मदापुरमला नर्मदा ओलांडते, खांडवा आणि बुऱ्हाणपूर मागे टाकते, आणि भुसावळ जवळ आले की तापीच्या पुलावरून धडधडत जाते. त्या वेळी डबे आवरण्याची, चपला शोधण्याची घाई असते. थोड्याफार फरकाने नासिरजंगाचाही रस्ता हाच होता. तो आला नाही, कारण तापीच्या बाजूला चिमाजी अप्पा सुमारे १०,००० फौजेनिशी आडवे उभे होते. भोपाळची लढाई आम्ही तलावाकाठी शोधतो. अर्धी लढाई तर तेथून शेकडो मैलांवर, गोळीही फारशी न झडता, खानदेशात जिंकली गेली. अप्पा तेथे नसते आणि नासिरजंग नर्मदेवर येता, तर बाजीरावांना दोन फौजांच्या कात्रीत सापडण्याआधी वेढा उठवावा लागला असता. चपळ घोडदळ ते. निसटून गेले असते, यात शंका नाही. पण मग दोराह्याचा कागदही नाही आणि माळवाही नाही.

दुसरा ‘जर’ आमच्या वक्त्याचा. निजामाचा निकाल का लावला नाही? आमचे उत्तर असे की, तो लावणे हाती नव्हते आणि हाती असते तरी फायद्याचे नव्हते. मराठ्यांजवळ त्याच्या तोडीचा तोफखाना नव्हता. दाभाडे, गायकवाड, नागपूरचे रघुजी भोसले यांना घेऊन यावे, सर्व दख्खनी सरदार एक झाले तर निजामाचा कायमचा बंदोबस्त होईल, अशी बाजीरावांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. आपसांतले जुने रुसवेफुगवे भोपाळच्या हिशेबात असे येऊन बसले. वेढा घालणाराही खातो, हे वक्ता विसरला. बाजीरावांच्या हजारो घोड्यांनाही रोज वैरण लागत होती, आणि ती याच मुलखातून यायची होती. बरे, निजाम मारला गेला असता तरी मुलगा दख्खनेत होताच. त्याच नासिरजंगाशी बाजीरावांना १७४० च्या आरंभी गोदावरीकाठी लढावे लागले. आणि मेलेल्या निजामाला माळव्याचा कागद लिहून देता आला नसता. त्या कागदावर बादशाही मोहोर उमटायला १७४१ साल उजाडले, तेव्हा बाजीराव हयात नव्हते. पण कागद मिळविला तो येथेच.

मात्र एक ‘जर’ असा आहे की त्याचा विचार करताना आम्ही स्वतःच अडखळतो. तापीवर उभे असलेले चिमाजी अप्पा तेथे यावयाच्या आधी कोठे होते? कोकणात. बाजीराव दिल्लीवर चालून गेले त्याच सुमारास मराठ्यांनी पोर्तुगीजांचे ठाणे घेतले आणि साष्टी बेट ताब्यात आणले. आज ज्या बेटावर मुंबईची उपनगरे पसरली आहेत तीच ही साष्टी. वसईच्या किल्ल्याचे भाताचे कोठार असे गेले. पण वसईच्या पाठीशी समुद्र होता आणि समुद्रावर पोर्तुगीज जहाजे. भुकेने वसई पडणार नव्हती. तेथे फौज, सुरुंग आणि वेळ लागणार होता. अशा ऐन वेळी निजाम उत्तरेकडून निघाला आणि अप्पांना कोकण हाताखालच्या सरदारांवर सोडून खानदेशात यावे लागले. कोकणात पुढचे वर्ष रेंगाळत गेले. १७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हा मोठ्या तयारीनिशी खाली उतरले. गोव्याहून मदत येऊ नये म्हणून जानेवारी १७३९ मध्ये इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे गोव्यातील साष्टीत घुसविले (ही साष्टी निराळी, नावे सारखी आहेत म्हणून परीक्षेत घोटाळा करू नये). समुद्राची वाट अशी लांबूनच आवळली, तटाखाली सुरुंग उडविले, हजारो माणसे खर्ची पडली, तेव्हा मे १७३९ मध्ये वसई हाती आली.

आणि त्याच महिन्यांत उत्तरेत काय चालले होते? फेब्रुवारीत कर्नाळला नादिरशहाने बादशहाचा पराभव केला, मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली, आणि मे महिन्यात तो मयूरासनासह अगणित संपत्ती घेऊन परत फिरला. मराठ्यांची मोठी फौज या सगळ्या काळात वसईच्या तटाखाली अडकून पडलेली. म्हणजे निजामाने भोपाळला हार खाल्ली. पण त्याच्या येण्यामुळे वसईला एक वर्ष मिळाले, आणि वसईच्या त्या वर्षामुळे नादिरशहासमोर मराठी फौज उभी राहू शकली नाही. अप्पा तापीवर न येता तर वसई १७३८ मध्येच पडली असती काय? आमच्या मते तसा संभव होता. मग १७३९ च्या वसंतात मोकळे झालेले दोघे बंधू चंबळेवर दिसले असते काय? दिसले असते. चंबळ ओलांडून ते नादिरशहाच्या तोफाबंदुकांवर तुटून पडले असते काय? येथे आम्ही वक्त्यासारखी मूठ आपटणार नाही. बाजीरावांची आजवरची रीत पाहता त्यांनी त्याची रसद तोडली असती, त्याला दमविले असते, आणि संधी पाहून दिल्लीच्या तख्ताशी सौदा केला असता. परंतु या ‘जर’ची किंमत द्यावी लागली असती ती भोपाळात. अप्पा एकाच वेळी तापीवर आणि वसईत उभे राहू शकत नव्हते. दोन भावांपैकी एकाला निवडायचे होते, त्यांनी माळवा निवडला. आम्हीही तेच निवडले असते. पण दिल्लीची बातमी ऐकून त्या वर्षी पुण्यात कोणाला शांत झोप लागली असेल, असे वाटत नाही.

पुढे तेवीस वर्षांनी मराठेच निजामाच्या जागी जाऊन बसले. भाऊसाहेब १७६० च्या उन्हाळ्यात याच माळव्यातून, सिरोंजवरून उत्तरेस गेले. पानिपतावर तोफा होत्या, खंदक होता, आणि रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज तोफांच्या आधाराने, बायकामुले मध्ये घेऊन बाहेर पडली. निजामाला भोपाळात तह मागता आला. भाऊंना तेही जमले नाही. त्यांच्या छावणीत भोपाळच्या वेढ्यातले कोणी म्हातारे स्वार असतील तर त्यांना तो धान्याचा भाव ऐकून काय वाटले असेल?

वादविवादाच्या शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची मुभा होती. आठवीतील एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, निजामाची फौज उपाशी होती. मग गावातल्या लोकांनी काय खाल्ले?” कोणी तरी हसले. अध्यक्षांनी, विषयाला धरून प्रश्न विचारावा, असे सुचविले आणि ती खाली बसली.

आमच्या मते त्या दिवशी विषयाला धरून विचारला गेलेला तो एकच प्रश्न होता. आज ज्यांना आपण इतवारा, बुधवारा, जुमेराती म्हणतो त्या वस्त्यांतून आमच्या वर्गातील कित्येक मुले शाळेत येतात. त्यांच्यापैकी काहींचे पूर्वज या तटाच्या आत असतील, आमच्यापैकी काहींचे बाहेर. आत हजारोंची छावणी आणि धान्य रुपयाला शेर, अशा वेळी विणकराच्या किंवा कुंभाराच्या घरातली कणगी त्याच्याकडे राहिली असेल, असे मानणे भोळेपणाचे आहे. आणि बाहेर? डिसेंबर म्हणजे रब्बी. सिहोरकडे आता शरबती गव्हाची शेते हिवाळ्यात हिरवी दिसतात. त्या हिवाळ्यात कोवळ्या गव्हावर आणि हरभऱ्यावर बाजीरावांचे घोडे चरत होते. पुढे १८१३ च्या सुमारास शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी याच गावाला सुमारे नऊ महिने वेढले. वजीर मोहम्मद खान थोड्या माणसांनिशी आत टिकला, आणि तोंडे थोडी होती म्हणूनच टिकला. त्या वेळीही बाहेरचे सैन्य आमचेच होते.

दोराह्याच्या तहात ५० लाखांचे कलम होते. त्यात या शेतांचा हिशेब धरलेला नव्हता. पुढील वर्षीच्या वादविवादाचा विषय ठरविण्यास आम्ही त्या आठवीतल्या मुलीला बोलावणार आहोत. ती तेव्हा नववीत असेल.